जुहू ते ओझर, कसाऱ्यावरून

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरात महाराष्ट्राचा नकाशा असेल तर एक खेळ करून पाहा. जुहूच्या विमानतळावर एक टाचणी टोचा, दुसरी नाशिकजवळच्या ओझरच्या विमानतळावर. दोन्हींना एक दोरा ताणून बांधा. हा दोरा ठाण्यावरून, भिवंडीवरून, तानसा तलावाच्या जवळून जातो आणि आमच्या कसाऱ्याच्या जेमतेम चार-पाच किलोमीटर वायव्येकडून घाट ओलांडून थेट नाशिक शहरावर पोचतो. नकाशाच्या प्रमाणाने दोऱ्याची लांबी मोजली तर ती सुमारे १६० किलोमीटर भरते. जुहूपासून कसाऱ्यापर्यंत त्यातले ९०, आणि कसाऱ्यापासून पुढे ओझरपर्यंत ७०.

एवढंच अंतर! ताशी ४०० किलोमीटरने उडणाऱ्या लहान विमानाला त्यासाठी २४ मिनिटं पुरतात. उड्डाण, चढणं, उतरणं, धावपट्टीवरची धाव हे सगळं धरलं तरी पाऊण तासात काम झालं. मग आपल्या माणसांना हे अंतर इतकी शतकं का पुरून उरलं? आणि आजही मुंबई-नाशिक प्रवासात निम्मा दिवस का जातो? मी कसाऱ्याला राहतो. आमचं गाव या दोऱ्याच्या मध्यापाशी आणि डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्यामुळे अंतराचा आणि वेळेचा हा हिशेब इथून जितका स्वच्छ दिसतो तितका मुंबईतून दिसत नाही आणि नाशिकमधूनही नाही.

जुन्या लोकांना किलोमीटर ठाऊक नव्हते. ते कोस म्हणत, मजल म्हणत. मजल म्हणजे एका दिवसात होणारी चाल. म्हणजे अंतर मोजायचं ते दिवसाने. उलट वेळ मोजायची ती लांबीने. सूर्य थोडा वर आला की आपण म्हणतो, ‘कासराभर दिवस वर आला.’ कासरा म्हणजे बैलाचा दोर. गावाच्या नावाशी याचा संबंध आहे असं माझं म्हणणं नाही. पण अंतर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपल्या भाषेने कधी मानलेलं दिसत नाही.

कोकणातून देशावर जायचं तर सह्याद्री चढायलाच हवा. सोपारा बंदरातला माल थळ घाटाने नाशिककडे जाई. कल्याणचा माल मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाशेजारून नाणेघाटाने जुन्नरला चढे. नाणेघाटात सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असं परंपरा सांगते. मैदानात कुणी रांजण ठेवला नाही, तो ठेवला घाटाच्या तोंडाशी. कारण प्रवासातला अवघड तुकडा तोच होता, आणि तो टाळून जाण्याची सोय कुणालाच नव्हती. इगतपुरीच्या घाटनदेवीपुढे आजही ट्रक थांबतात आणि ड्रायव्हर हात जोडतात, त्याच्या मुळाशी तीच भावना आहे. सपाटीवरच्या शंभर मैलांपेक्षा चढाचे दहा मैल माणसाच्या जास्त लक्षात राहतात.

मग रेल्वे आली. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली हे आपण शाळेत शिकतो. पुढचा प्रवास मात्र आपल्याला कुणी सांगत नाही. १८५४ साली गाडी कल्याणला पोचली, १८५५ साली वासिंदला, १८६० साली आसनगावला आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला. सात-आठ वर्षांत लोखंडी रस्ता डोंगराच्या पायाशी येऊन थांबला. आणि तिथे तो चार वर्षं थांबूनच राहिला. घाटावर पलीकडे रूळ पडत होते; इगतपुरीच्या पुढे गाड्या धावायला लागल्या होत्या. मध्ये तेवढा घाट राहिला होता. कसाऱ्याला गाडीतून उतरायचं, बैलगाडीने किंवा पायी घाट चढायचा आणि वर दुसऱ्या गाडीत बसायचं. ती चार वर्षं कसारा हे रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं. लोकलच्या प्रवाशांसाठी ते आजही आहे.

१ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटाचा मार्ग खुला झाला. नऊ मैलांहून थोडी जास्त लांबी, त्यात ९७२ फूट, म्हणजे जवळजवळ ३०० मीटर चढ. सगळ्यात तीव्र जागी ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. तेरा बोगदे आणि सहा मोठे पूल. त्यातला एहेगावचा पूल दरीच्या तळापासून १८२ फूट उंच. सुरुवातीला तर एका जागी गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावं लागे आणि उलट दिशेने पुढचा चढ चढावा लागे. पुढे मार्ग बदलून ही कसरत संपवली. कसाऱ्यापासून इगतपुरी सरळ रेषेत साधारण दहा किलोमीटर आहे. रूळ ते अंतर चौदा-पंधरा किलोमीटरचं करतात, कारण वळणं घेतल्याशिवाय चढ सौम्य होत नाही. म्हणजे वेळ वाचवायला अंतर वाढवावं लागलं.

ज्या मुख्य अभियंत्याने हे दोन्ही घाट आखले, तो जेम्स बर्कली १८६२ साली वारला. भोर घाट त्यानंतर एका वर्षाने आणि थळ घाट तीन वर्षांनी सुरू झाला. त्याचं नाव निदान पुस्तकांत आहे. सुरुंग लावणाऱ्या आणि पाट्या वाहणाऱ्या माणसांची नावं कुठेच नाहीत. भोर घाटाच्या कामावर कॉलऱ्याची साथ आली तेव्हा हजारो मजूर दगावले. गाडी बोगद्यात शिरली की मुलं ओरडतात, खिडकीतून हात बाहेर काढतात. तो बोगदा छिन्नी, पहार आणि दारू यांनी कोरला आहे, हे आपण त्यांना कधीतरी सांगायला हवं.

आता वेळेची आणखी एक गंमत. रेल्वे आली तेव्हा देशभर एकच वेळ नव्हती. मुंबईचं घड्याळ मुंबईच्या सूर्याप्रमाणे चाले. रेल्वेचं वेळापत्रक मद्रासच्या वेळेवर, म्हणजे मुंबईपेक्षा अर्धा तास पुढे. प्रवाशाला घरातलं एक घड्याळ आणि स्टेशनातलं दुसरं, असे दोन हिशेब ठेवावे लागत. १९०६ साली भारतीय प्रमाण वेळ आली तरी मुंबईकरांनी आपली वेळ सोडली नाही. प्रमाण वेळेहून ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. कसारा मुंबईच्या पूर्वेला असल्यामुळे आमच्याकडे सूर्य मुंबईपेक्षा अडीच मिनिटं आधी डोक्यावर येतो. अडीच मिनिटं म्हणजे काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल. बैलगाडीत काहीच नाही. विमानात मात्र तेवढ्या वेळात वीस-तीस किलोमीटर मागे पडतात. म्हणून आता विमानाकडे वळू.

जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल आपल्या देशात गेलं. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आँरी पेके नावाचा फ्रेंच वैमानिक साडेसहा हजार पत्रं घेऊन अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला उतरला. अंतर सहा मैल, म्हणजे दहा किलोमीटर. वेळ १३ मिनिटं. हे अंतर म्हणजे नेमकं कसारा ते इगतपुरी! आज वीज आहे, दणकट इंजिनं आहेत, तरीही हा घाट चढायला गाडीला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. या घाटात वीज १९३० साली आली. तिच्याबरोबर आलेल्या लांबट इंजिनांना रेल्वेच्या लोकांनी ‘खेकडा’ म्हणायला सुरुवात केली. आजही कसाऱ्याला गाडी थांबते, मागून ढकलणारी ‘बँकर’ इंजिनं लागतात, आणि मगच चढ सुरू होतो. १९११ च्या त्या कापडी पंखांच्या विमानाला जे जमलं ते शतकभराने रेल्वेला जमलेलं नाही. यात रेल्वेचा दोष काही नाही. यमुना सपाट आहे, थळ घाट सपाट नाही.

जुहूचा विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून सकाळी साडेसहाच्या सुमारास पुस मॉथ जातीचं छोटं विमान घेऊन निघाले, अहमदाबादला इंधनासाठी उतरले आणि दुपारी दोनच्या आत जुहूला पोचले. सुमारे १०३० किलोमीटर अंतर, थांबा धरून सव्वासात तास. सरासरी काढली तर ताशी १४० किलोमीटर पडतात. आज एखादी चांगली मोटार महामार्गावर त्या वेगाला पोचते. पुढे बेल्लारी आणि मद्रासचं टपाल नेव्हिल व्हिन्सेंट या त्यांच्या सहकाऱ्याने नेलं. पावसाळ्यात जुहूच्या जमिनीचा चिखल होई. मग सगळा मुक्काम घाटावर, पुण्यात येरवड्याकडच्या मैदानावर हलवावा लागे. म्हणजे विमान आलं तरी पावसाने आणि सह्याद्रीने आपला हक्क सोडला नव्हता.

त्या काळच्या विमानाचा वेळ वाऱ्यावर अवलंबून होता. समजा, जुलै महिना आहे आणि नैर्ऋत्येकडून ताशी ५० किलोमीटरचा वारा वाहतो आहे. पुस मॉथचा वेग ताशी १६० किलोमीटर. जुहूहून ओझरकडे निघालं तर वारा पाठीशी. १६० किलोमीटरला ४६ मिनिटं. परत येताना वारा तोंडावर; तेच अंतर, पण ८७ मिनिटं! जाण्यायेण्यात जवळजवळ दुपटीचा फरक. आधुनिक लहान विमानाला हाच फरक २१ आणि २७ मिनिटांचा पडतो. शिवाय पावसाळ्यात खाली वारा पश्चिमेचा असतो आणि खूप उंचावर पूर्वेचा. म्हणून वैमानिकाला नुसतं अंतर सांगून भागत नाही. आपण किती वाजता निघालो, वारा किती, आणि या क्षणी आपण जमिनीवरच्या कुठल्या ठिपक्यावर आहोत, हे त्याला दर मिनिटाला ठाऊक असावं लागतं. दिवसा, उघड्या आभाळात, खाली रूळ दिसतात, तानसा आणि भातसाचं पाणी चमकतं. रात्री ढगात यातलं काही दिसत नाही.

हा हिशेब चुकला तर काय होतं ते आमच्या शेजारच्या डोंगरांनी पाहिलं आहे. ७ जुलै १९६२ ची मध्यरात्र नुकतीच उलटली होती. इटलीच्या अलितालिया कंपनीचं डीसी-८ जातीचं जेट विमान सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईकडे येत होतं. पुढे ते रोमला जायचं होतं. विमानात ९४ माणसं होती. मुंबईला उतरण्यासाठी ते खाली येऊ लागलं आणि जुन्नरच्या परिसरातल्या डोंगरावर, सुमारे ३६०० फूट उंचीवर, आदळलं. एकही माणूस वाचलं नाही. मुंबईचा विमानतळ अजून ऐंशीहून अधिक किलोमीटर दूर होता. चौकशीतला निष्कर्ष असा, की विमान प्रत्यक्षात होतं त्याहून मुंबईच्या जवळ आहे अशी वैमानिकाची समजूत झाली आणि ते वेळेआधी खाली उतरवलं गेलं.

ऐंशी किलोमीटर! उतरणारं जेट मिनिटाला सात-आठ किलोमीटर कापतं. म्हणजे ही चूक दहा-बारा मिनिटांची. माळशेज घाटाच्या रस्त्याने तुम्ही मुरबाडहून जुन्नरला गेलात, तर वाटेत उभी असलेली कड्यांची भिंत आठवा. त्या भिंतीच्या पश्चिमेला कोकण आहे. तिथे ३६०० फूट म्हणजे सुरक्षित उंची, खाली शेतं आणि खाड्या. भिंतीच्या पूर्वेला तीच उंची म्हणजे डोंगर. आपण अजून भिंत ओलांडलेली नाही, एवढी एकच गोष्ट त्या रात्री कळायला हवी होती. आमच्या भागातला बैलगाडीवान अंधारातसुद्धा ते सांगू शकला असता, कारण चढ कुठे संपतो आणि उतार कुठे लागतो हे त्याच्या बैलांना कळतं. विमानाला पायाखाली जमीन नसते. त्याचा सगळा भरवसा घड्याळावर आणि यंत्रांवर. आज रडार आहे, उपग्रह आहेत, जमीन जवळ आली की ओरडून सांगणारी यंत्रं आहेत. ती सगळी अशा अपघातांतून शहाणं होत जमवलेली आहेत.

आता पुन्हा आपल्या १६० किलोमीटरकडे येऊ. ओझरला विमानांचा कारखाना १९६४ पासून आहे. मिग विमानं तिथे तयार झाली. प्रवाशांसाठीची इमारत २०१४ साली झाली. डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली नाशिकहून मुंबईला लहान विमानाची सेवा सुरू झाली. कौतुक खूप झालं, पण ती टिकली नाही. कारण समजायला कागद-पेन्सिल पुरे. आकाशात पाऊण तास. पण नाशिक शहरातून ओझर वीसेक किलोमीटर. तिथे तासभर आधी पोचायचं. मुंबईत उतरल्यावर सामान घेऊन गर्दीतून शहरात शिरायला आणखी एक-दीड तास. बेरीज साडेतीन तासांच्या घरात जाते. आणि १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडहून मुंबईला साडेतीन-पावणेचार तासांत पोचवते, तेही शहराच्या मध्यात. सरळ रेषा जिंकते ती फक्त आकाशात. लांबच्या प्रवासात हा जमिनीवरचा वेळ एकूण वेळेत विरून जातो. जवळच्या प्रवासात तोच डोईजड होतो.

मग घाटाचा वेळ खरोखर कमी कुणी केला? तो केला जमिनीखालच्या रस्त्याने. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यात इगतपुरी-कसारा दरम्यान सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. जुन्या घाटरस्त्याने जिथे अर्धा तास सहज जाई, तिथे आता आठ-दहा मिनिटं लागतात. अलाहाबादच्या त्या विमानाची १३ मिनिटं अखेर मोटारीने गाठली आणि मागे टाकली.

पण या रस्त्यानेही आपली जकात घेतली. ३१ जुलै २०२३ च्या रात्री, १ ऑगस्ट उजाडायच्या आत, शहापूर तालुक्यात सरळांबे गावाजवळ पुलाचा अवाढव्य गर्डर आणि तो चढवणारं यंत्र कोसळलं. कामावरची २० माणसं गेली. बहुतेक परराज्यातली, पोटासाठी आलेली. त्या पुलावरून गाडी काही सेकंदांत निघून जाते. भोर घाटातल्या मजुरांची नावं आपण लिहून ठेवली नाहीत. यांची नावं निदान ज्या पुलासाठी ते गेले त्या पुलापाशी दगडावर कोरलेली असावीत, अशी माझी एक मागणी आहे. दीडशे वर्षांत एवढा फरक तरी पडायला हवा.

आणि शेवटची गोष्ट. महामार्ग, लोहमार्ग आणि विमानांचा मार्ग हे तिन्ही शहापूर-मुरबाडवरून जातात. पण या तालुक्यांत ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचे असे पाडे आहेत, जिथून डांबरी रस्त्यापर्यंत यायला आजही डोंगर उतरावा लागतो. पावसात ओढा भरला की बाळंतिणीला डोली करून आणल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात तुम्ही वाचता. त्या पाड्यावरून पाहिलं तर मुंबईकडे उतरणारं विमान डोक्यावरून जाताना दिसतं. ते दहा-पंधरा मिनिटांत धावपट्टीवर टेकतं. तेवढ्या वेळात डोली ओढ्यापर्यंतसुद्धा आलेली नसते.

म्हणून अंतराचा आकडा सांगणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं. किलोमीटर सांगा, पण मध्ये काय उभं आहे तेही सांगा, आणि ते कोण ओलांडणार आहे तेही. आमच्या पाड्यांवर दवाखाना किती लांब आहे असं विचारलं तर कुणी किलोमीटर सांगत नाही. उन्हाळ्यात दोन तास, असं सांगतात. आणि पावसाळ्यात, ओढा उतरला तर.